बालमेंदूची घडण आणि आईच्या वेळेचे मोल

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील गल्ल्यांतून सकाळी फेरफटका मारला, तर एक दृश्य घरोघरी दिसते. उंबरठ्याशी एक स्त्री मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. सुपात तंबाखू, मापाने कापलेली टेंभुर्णीची पाने आणि दोऱ्याची गुंडी. तिची बोटे एकसारखी चालू असतात. विडीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. हात थांबला की मजुरी थांबली, हे गणित तिच्या बोटांना पाठ झालेले असते. तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, सहा-आठ महिन्यांचे मूल बसलेले असते. ते आईकडे पाहून हुंकारते, हात पुढे करते, काहीबाही आवाज काढते. आई कधी मान वर करून त्याच्याशी दोन शब्द बोलते. कधी आकडा पुरा करायचा असल्याने तिला मान वर करणेही जमत नाही.

या नित्याच्या प्रसंगात काही विशेष घडत आहे, असे पाहणाऱ्याला वाटणार नाही. परंतु गेल्या पाच-सहा दशकांतील मेंदूविज्ञानाने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. बाळाचा हुंकार आणि त्याला मिळणारा प्रतिसाद यांच्या देवघेवीतूनच त्या मुलाच्या मेंदूतील मार्ग घडत असतात. भीती वाटली असता सावरणे, राग आवरणे, दुसऱ्यावर विश्वास ठेवणे, नव्या गोष्टीकडे कुतूहलाने पाहणे या पुढील आयुष्यातील वर्तनाचा पाया याच वयात घातला जातो. म्हणूनच आईला मुलासाठी वेळ मिळणे ही केवळ घरगुती बाब राहत नाही. तो समाजाच्या विकासाचा प्रश्न ठरतो. या लेखात बालमेंदूच्या घडणीचा परिचय करून घेऊन, सोलापूरसारख्या श्रमिकांच्या शहराला त्यापासून कोणता बोध घेता येईल, याचा विचार करावयाचा आहे.

मेंदूची जडणघडण

नवजात अर्भकाच्या मेंदूचे वजन सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम असते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सामान्यतः १,३०० ते १,४०० ग्रॅम भरते. दुसरे वर्ष संपते त्या सुमारास बालकाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश झालेला असतो. शरीराचे दुसरे कोणतेही महत्त्वाचे इंद्रिय इतक्या वेगाने वाढत नाही.

ही वाढ प्रामुख्याने पेशींच्या संख्येची नसते. प्रौढ मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतील बहुतेक जन्माच्या वेळीच अस्तित्वात असतात. जन्मानंतर वाढतात ते या पेशींमधील परस्परसंबंध. एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीला जेथे भेटतो, त्या जागेस चेतासंधी म्हणतात. पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या चेतासंधी निर्माण होत असाव्यात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. एवढ्या सगळ्या संधी कायम राहत नाहीत. ज्या मार्गावरून वारंवार संदेश जातात तो मार्ग बळकट होतो; जो वापरला जात नाही तो हळूहळू नाहीसा होतो. शेतात जशी पायवाट पडते, तसाच हा प्रकार आहे. रोजची ये-जा असली की वाट ठळक होते; ये-जा थांबली की तिच्यावर गवत उगवते. पुढे नित्य वापराच्या तंतूंभोवती मेदाचे आवरण चढते आणि संदेशवहन अनेक पटींनी जलद होते.

सोलापूरच्या वाचकाला मागाचा दाखला अधिक जवळचा वाटेल. वस्त्राला ताणा आणि बाणा दोन्ही लागतात. आईबापांकडून आलेली आनुवंशिकता हा ताणा मानला, तर मुलाला येणारे अनुभव हा बाणा होय. नुसत्या ताण्याचे कापड होत नाही आणि ताण्यावाचून बाणा टिकत नाही. मात्र हा दाखला एका मर्यादेपर्यंतच लागू पडतो. जुन्या जकार्ड मागावर चादरीची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत आधीच ठरलेली असते. विणकर ती फक्त उतरवून घेतो. मेंदूच्या बाबतीत पुठ्ठ्यावरील बरीचशी भोके विणकाम चालू असतानाच पाडली जातात. म्हणूनच पहिली वर्षे मोलाची ठरतात.

ग्रहणाचा काळ

सर्व क्षमता एकाच वेळी विकसित होत नाहीत. पाहणे, ऐकणे, बोलणे, भावना आवरणे या प्रत्येकासाठी मेंदू विशेष ग्रहणशील असण्याचा एक काळ असतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. पिलाचा एक डोळा जन्मानंतरच्या ठरावीक आठवड्यांत झाकून ठेवला असता, पुढे तो उघडल्यावरही मेंदू त्या डोळ्याची दखल नीट घेऊ शकत नसे. डोळा निरोगी होता. परंतु त्याच्यासाठी राखलेली मेंदूतील जागा दुसऱ्या डोळ्याने व्यापून टाकली होती. प्रौढ मांजराचा डोळा तेवढाच काळ झाकला तर मात्र असा परिणाम होत नसे. या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. बालकाचा तिरळेपणा किंवा जन्मजात मोतीबिंदू यांवर लवकर उपचार करण्याचा आग्रह डॉक्टर का धरतात, हे यावरून ध्यानात येईल.

भाषेच्या बाबतीतील एक प्रयोग तर आपल्या अक्षरांशीच निगडित आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, केवळ इंग्रजी कानावर पडणाऱ्या अर्भकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना या दोहोंतील भेद कळत असल्याचे दिसून आले. प्रौढ इंग्रजी भाषकांना तो भेद ओळखणे जड जाते. आणि नवल असे की, दहा ते बारा महिन्यांच्या बाळांतही ती क्षमता बरीच ओसरलेली आढळली. म्हणजे पहिला वाढदिवस येण्यापूर्वीच मेंदू आपल्या घरच्या ध्वनींसाठी मार्ग राखून ठेवतो आणि न लागणारे मार्ग सोडून देऊ लागतो.

सोलापूर हे मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा रस्त्यारस्त्यावर नांदणारे शहर आहे. घरात तेलुगू, शेजारी कानडी आणि अंगणवाडीत मराठी ऐकल्याने मूल गोंधळेल, अशी शंका काही पालकांना येते. ती निराधार आहे. लहान मूल एकाहून अधिक भाषा सहज आत्मसात करू शकते. ज्या भाषेत आईला मोकळेपणाने बोलता, रागावता आणि लाड करता येतात, ती भाषा बाळासाठी सर्वांत चांगली. मराठीतील अंगाई, कानडीतील जोगुळ, तेलुगूतील लाली आणि उर्दूतील लोरी या चारही गोष्टी बालमेंदूच्या दृष्टीने सारख्याच मोलाच्या आहेत. शाळेच्या भाषेसाठी घरची भाषा गप्प करणे हे मात्र नुकसानीचे होय.

भावनांचे मार्ग

आता भावनांकडे वळू. मेंदूच्या अंतर्भागात बदामाच्या आकाराची एक लहानशी रचना आहे. तिला अमिग्डाला असे नाव आहे. धोका ओळखून शरीराला सावध करणे हे तिचे एक प्रमुख कार्य होय. तिच्या इशाऱ्यानंतर हृदयाचे ठोके वाढतात आणि शरीरात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते. या इशाऱ्याला लगाम घालण्याचे काम कपाळामागील मेंदूचा पुढचा भाग करतो. ‘थांब, विचार कर, एवढे घाबरण्याचे कारण नाही’ असे जणू तो सांगतो. धोक्याची घंटा जन्मापासूनच वाजू लागते. परंतु लगाम घालणारा भाग अगदी सावकाश परिपक्व होतो. त्याची पूर्ण वाढ होण्यास वयाची विशी उलटून पंचविशी जवळ यावी लागते.

म्हणूनच तान्ह्या बाळाला स्वतःचे स्वतः शांत होता येत नाही. त्याचा लगाम त्या काळी त्याच्या डोक्याबाहेर असतो. तो आईच्या मांडीत, वडिलांच्या खांद्यावर किंवा आजीच्या आवाजात असतो. बाळ रडते, कोणीतरी उचलून घेते, थोपटते, बोलते आणि बाळ शांत होते. हे चक्र शेकडो-हजारो वेळा घडते, तेव्हा घंटा आणि लगाम यांना जोडणारा मार्ग पक्का होत जातो. अनेक वेळा दुसऱ्याने शांत केलेले मूलच पुढे स्वतःला शांत करावयास शिकते. ‘रडू द्या थोडे, सवय होईल’ किंवा ‘सारखे उचलले तर मूल लाडावते’ हे समज तान्ह्या वयाच्या बाबतीत शास्त्राला धरून नाहीत.

प्रतिसादाचे महत्त्व अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एका साध्या प्रयोगाने दाखवून दिले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आईने प्रथम आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीप्रमाणे खेळायचे आणि नंतर थोडा वेळ चेहरा पूर्णपणे निर्विकार ठेवून नुसते बसून राहायचे, अशी योजना होती. आई समोरच असे, तिची नजरही बाळावर असे. परंतु बाळाला तेवढ्याने समाधान होत नसे. ते हसून, हातवारे करून आईला पुन्हा खेळात ओढण्याचा प्रयत्न करी आणि यश न आल्यास मान फिरवून मलूल होऊन बसे. बाळाला आईचे केवळ जवळ असणे पुरत नाही, त्याला उत्तर हवे असते, हा या प्रयोगाचा अर्थ होय. आई पुन्हा हसून बोलू लागली की दोघांचा मेळ पुन्हा जमतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दिवसातून काही वेळा उत्तर चुकले म्हणून मेंदूचे नुकसान होत नाही. उत्तर सातत्याने आणि दीर्घकाळ न मिळाले तरच चिंतेचे कारण असते.

असा दीर्घकाळचा अभाव काय करतो, याचे दुःखद उदाहरण रुमानियात पाहावयास मिळाले. तेथील अनाथालयांत हजारो मुले वाढत होती. त्यांना अन्न आणि अंथरूण मिळे, परंतु आपले म्हणावे असे माणूस मिळत नसे. २००० च्या सुमारास बुखारेस्ट शहरात चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून त्यांतील निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांविषयीचा जिव्हाळा यांत सुधारणा दिसली. आणि अनेक बाबतींत दोन वर्षांचे होण्यापूर्वी कुटुंब लाभलेल्या मुलांची प्रगती अधिक ठळक होती. आठव्या वर्षी तपासलेल्या त्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी सामान्य कुटुंबांतील मुलांच्या लहरींशी मिळत्याजुळत्या आढळल्या.

सोलापुरातील श्रमिकाचे घर आणि बुखारेस्टचे अनाथालय यांची तुलना होऊ शकत नाही. आपल्याकडील मुलाला आई, आजी, भावंडे, शेजारपाजार असा माणसांचा गोतावळा लाभतो. मात्र या उदाहरणावरून दोन गोष्टी शिकता येतात. माणसाचा सहवास ही मेंदूची अन्नाइतकीच खरी गरज आहे. आणि मदत जितक्या लवकर पोहोचेल तितकी ती अधिक फलदायी होते.

पोषणाची जोड

सहवास महत्त्वाचा म्हणून आहार गौण ठरत नाही. शरीर विश्रांतीत असताना प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा वापरतो. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे प्रमाण जवळजवळ दोन-तृतीयांशापर्यंत जाते. वाढत्या मेंदूला किती इंधन लागते, याची यावरून कल्पना येईल.

या विषयावरील मोलाचे संशोधन आपल्याच राज्यात झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास हाती घेतला आणि त्यांच्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी लक्ष टिकविण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या काही कसोट्यांत तुलनेने मागे पडल्याचे आढळले. बी-१२ हे दूध, दही, अंडी, मासे, मांस अशा पदार्थांतूनच मुख्यतः मिळते. घरातील दुधाचा शेवटचा घोट गरोदर सुनेच्या वाट्यास येतो की नाही, हा प्रश्न म्हणजे पुढील पिढीच्या बुद्धीचा प्रश्न आहे. लोह आणि आयोडीन यांचेही तेच.

त्याच रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांचा त्यांच्या अठराव्या वर्षापर्यंत अभ्यास झाला. या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी असला, तरी तो सामान्य मर्यादेत होता. आणि आईचे शिक्षण व घरची परिस्थिती यांचाही त्यावर मोठा प्रभाव दिसून आला. जन्माच्या वेळची उणीव घरच्या वातावरणाने काही अंशी भरून निघू शकते, हा दिलासा त्यातून मिळतो.

आहार आणि खेळ या दोहोंचे बळ जमैका या देशात एकत्र तपासले गेले. तेथे १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ गरीब बालकांना अभ्यासात घेण्यात आले. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास, याप्रमाणे दोन वर्षे जात आणि घरच्याच वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, हे आईला दाखवीत. वीस वर्षांनंतर पाहिले असता, या खेळाचा लाभ मिळालेल्या मुलांची कमाई तो न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक भरली. महागडी खेळणी नाहीत, मोठी इमारत नाही. केवळ आठवड्याचा एक तास आणि आईचा वाढलेला आत्मविश्वास एवढ्यावर हे साधले.

महाराष्ट्राची परंपरा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर, या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम तेथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी ‘विकासवाडी’ची कल्पना रुजविली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असावीत, म्हणजे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी राहणाऱ्या मुलीला शाळेत येता येईल, असा त्यामागील विचार होता. मेंदूचे चित्रण करणारी यंत्रे तेव्हा नव्हती. परंतु आईचा वेळ, ताईचे शिक्षण आणि बाळाचे संगोपन या तीन गाठी एकत्रच सोडवाव्या लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजनेस प्रारंभ झाला आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. अलीकडे महाराष्ट्रात सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि युनिसेफ यांच्या सहकार्याने ‘आरंभ’ हा उपक्रम यवतमाळ आणि तत्कालीन औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर, या जिल्ह्यांत प्रथम राबविण्यात आला. तीन वर्षांखालील मुलांशी घरी कसे बोलावे, कसे खेळावे, हे अंगणवाडी सेविका पालकांना प्रत्यक्ष करून दाखवितात. पालक मेळाव्यांत वडील आणि आजी-आजोबा यांनाही सामील करून घेतात. जन्मजात दोष व विकासातील विलंब लवकर ओळखण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा देशव्यापी प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला होता.

सोलापूरपुढील प्रश्न

आता पुन्हा त्या उंबरठ्याशी येऊ. विडी वळणाऱ्या आईपुढे एक पेच आहे. मूल जवळ ठेवावे, तर सुपातील तंबाखूची धूळ त्याच्या नाकातोंडात जाते. मूल दूर ठेवावे, तर त्याला आईचा प्रतिसाद मिळत नाही. काम थांबवावे, तर मजुरी बुडते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात, ठरावीक संख्येहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांसाठी पाळणाघराची तरतूद करण्यात आली होती. परंतु पाने आणि तंबाखू घरी नेऊन विड्या वळण्याची पद्धत रूढ झाल्यावर, घर हाच कारखाना बनला आणि त्या कारखान्याला पाळणाघर उरले नाही.

हा पेच आईच्या उणिवेतून आलेला नाही. मुलाकडे लक्ष न देणारी आई म्हणून तिला दोष देणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्याने मुलाचेही काही भले होत नाही. उपाय व्यवस्थेत शोधला पाहिजे. केंद्र शासनाच्या ‘मिशन शक्ती’अंतर्गत २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची सोय आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तेथे ठेवता येते. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत अशा पाळणाघरांची निकड सर्वांत अधिक आहे. सोलापूरजवळ कुंभारी येथे श्रमिकांसाठी तीस हजार घरांची रे नगर वसाहत आखण्यात आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. अशा वसाहतींत पाणी, रस्ता आणि वीज यांच्या बरोबरीनेच मुलांच्या जागेचाही विचार होणे अगत्याचे आहे. चालत पाच मिनिटांवर पाळणाघर असले, तर आईचा दिवस आणि मुलाचे बालपण दोन्ही सावरतात.

तोवर घरातही काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. सूप आणि मूल यांच्यात चार हातांचे अंतर आणि वाहती हवा असावी. मुलाला घेण्यापूर्वी व भरविण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. आईचे हात गुंतलेले असले तरी तिचे डोळे आणि आवाज मोकळे असतात; बाळ हुंकारले की त्याच्याकडे पाहून उत्तर द्यावे, विड्यांची कट्टी बांधताना आकडे मोठ्याने मोजावेत, पानाचा रंग सांगावा, गाणे म्हणावे. दूध पाजण्याची, अंघोळ घालण्याची, तेल लावण्याची वेळ तर हातचीच आहे; ती घाईने न उरकता गप्पांची वेळ करावी. यंत्रमागावरून पाळी संपवून आलेल्या वडिलांनी अर्धा तास मूल कडेवर घेतले, तर आईला विसावा मिळतो आणि बाळाला दुसरा आधार मिळतो. बाळाचा जीव एकाच माणसावर अवलंबून असला पाहिजे, असा निसर्गाचा आग्रह नाही. दोन-तीन ओळखीची, नेहमीची, प्रेमळ माणसे त्याला पुरतात.

मुलाला गप्प ठेवण्यासाठी त्याच्या हाती भ्रमणध्वनी देण्याची सवय अलीकडे वाढली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये केलेल्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये. पडदा बोलतो खरा. परंतु तो बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बाळंतपणानंतर काही माता सतत उदास राहतात, त्यांना रडू येते, बाळाकडे पाहण्याचीही इच्छा होत नाही. ‘बाहेरचे’ किंवा ‘नाटक’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये. तो उपचाराने बरा होणारा आजार आहे. आशा कार्यकर्तीला किंवा आरोग्य केंद्रात सांगावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. आईचे मन सावरणे हाही बालमेंदूच्या संगोपनाचाच भाग होय.

उशीर झाला तरी

येथवरचे विवेचन वाचून, ज्यांची मुले मोठी झाली आहेत त्यांना हळहळ वाटण्याचा संभव आहे. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. पहिली तीन वर्षे गेली म्हणजे सारे दरवाजे बंद झाले, असे विज्ञान सांगत नाही. मेंदू आयुष्यभर शिकतो. किशोरवयात तर त्याच्या पुढच्या भागाची पुनर्रचना पुन्हा एकदा वेगाने होते. फरक श्रमाचा आहे. ओल्या मातीला आकार देणे सोपे, वाळत आलेल्या मातीला कठीण. परंतु माणसाचा मेंदू पूर्णपणे भाजलेली वीट कधीच होत नाही. प्रेमळ शिक्षक, समंजस मामा, आजोबांचा आधार किंवा चांगला मित्र यांनी उशिरा का होईना, भिडस्त आणि भेदरलेली मुले सावरलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत.

सोलापूरच्या चादरीची ख्याती तिच्या टिकाऊपणासाठी आहे. ती टिकते, कारण विणताना प्रत्येक धाग्याकडे लक्ष दिलेले असते; एक धागा तुटला तरी विणकर माग थांबवितो, गाठ मारतो आणि मगच पुढे जातो. ज्या शहराला धाग्याचे एवढे मोल कळते, त्याला बाळाच्या एका हुंकाराचे मोल समजावून सांगावे लागू नये. त्या हुंकाराला उत्तर देण्याइतकी उसंत प्रत्येक आईला मिळावी, एवढी व्यवस्था उभी करणे हे शासन, स्थानिक संस्था, कारखानदार, कामगार संघटना आणि कुटुंब या सर्वांचे समान कर्तव्य आहे.